न थांबणारा तास

उज्वलाने स्पेसबार दाबला. लॅपटॉपच्या पडद्यावरचे सर थांबले नाहीत. तिने पुन्हा दाबला, मग माउसने व्हिडिओच्या खाली बटण शोधलं. कालपर्यंत तिथे दोन उभ्या रेघा होत्या. आज फक्त एक लाल ठिपका होता आणि त्याच्यापुढे ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं. सर फळ्याकडे तोंड करून बोलतच राहिले.

समोरच्या खुर्चीत भार्गवी पेन धरून आईच्या तोंडाकडे बघत होती.

“थांबून न्हाई राहिलं,” उज्वला म्हणाली.

“काय?”

“व्हिडिओ. थांबत न्हाई.” तिने हाताने खूण केली. तोवर सरांची आणखी काही वाक्यं होऊन गेली होती.

भार्गवी नऊ वर्षांची असताना मेंदूज्वरात तिचं ऐकू येणं गेलं. बोलणं तेवढं राहिलं, सपाट आणि जरा मोठ्या आवाजातलं. कानातल्या मशीनमुळे दार आपटलेलं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. ती ओठ वाचायची, आणि त्यातही आईचेच. बारावीनंतर तिला फार्मसीला जायचं होतं. औषधाच्या दुकानात लोक चिठ्ठी पुढे करतात, फार बोलत नाहीत, हे कारण तिचं तिनेच शोधलं होतं. तिचे वडील सिद्धराम जळकोटजवळच्या एका शाळेत शिक्षक होते आणि शनिवारी तेवढे नांदेडला घरी यायचे. सीईटी म्हटली की लातूरचाच क्लास, यावर त्यांचा ठाम विश्वास. पण गच्च भरलेल्या हॉलमध्ये बसून भार्गवीला काय मिळणार होतं? म्हणून त्यांनी त्या क्लासची वेबसाइट निवडली. घरी बसून शिकता येईल, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

व्हिडिओखाली अक्षरं यायची नाहीत, आणि सर अर्धा वेळ फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मग उज्वला तिच्या समोर बसू लागली. एक वाक्य ऐकायचं, व्हिडिओ थांबवायचा, खिडकीच्या उजेडात तोंड धरून ते वाक्य सावकाश भार्गवीला सांगायचं, की पुन्हा चालू. ती स्वतः बारावी झाली होती कला शाखेतून. रसायनशास्त्रातलं तिला काही कळत नव्हतं. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, क आणि ग तर घशातच राहतात, एवढं मात्र या कामात तिला समजलं. एका तासाच्या व्हिडिओला अख्खी दुपार जायची, संध्याकाळी जबडा दुखायचा. पण प्रत्येक वाक्याला भार्गवी मान हलवायची आणि खाली बघून लिहायची. त्या मान हलवण्याच्या जोरावर उज्वला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

क्लासच्या नंबरावर फोन केला, तर वेबसाइट नवीन झाली आहे, असं उत्तर मिळालं. मोबाइलवर व्हिडिओचं चित्रण करून ठेवावं, म्हणजे थांबवता येईल, असं उज्वलाच्या मनात आलं.

“तसलं काही करू नको,” सिद्धराम फोनवर म्हणाले. “पकडलं तर खातंच बंद करतेत. तसं लिहिलंय त्यांनी. तू एकदा जाऊन भेट.”

ती भार्गवीला घेऊन एसटीने लातूरला गेली. क्लासच्या ऑफिसात वेबसाइटचं काम बघणारा वरद नावाचा तरुण भेटला. त्याने दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

“काकू, साइट पुण्याच्या कंपनीनं केली. व्हिडिओ चोरीला जायलेत, म्हणून थांबवायचं आन् मागं न्यायचं दोन्ही काढलं. एकदा लागला की एकदाच.”

“माझ्या लेकीला ऐकू येत न्हाई.”

वरदने भार्गवीकडे पाहिलं आणि आवाज चढवला. “आता खाली अक्षरं येतेत. सीसी दाबायचं.”

“ओरडून तिला कळत न्हाई,” उज्वला म्हणाली. “दाखवा.”

त्याने आपल्या कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ लावला. खाली खरोखरच अक्षरं धावू लागली. भार्गवी पुढे झुकली आणि मोठ्याने वाचू लागली.

“आम लटकल्यावर शहर तयार होतं. मग विद्युत अपघात होतो.”

फी भरायला उभी असलेली दोन मुलं हसली. भार्गवीला ते कळलं नाही. ती आईकडे वळली.

“सर काय म्हणाले?”

उज्वलाने ऐकलं होतं ते ओठांनी सांगितलं. आम्ल टाकल्यावर क्षार तयार होतो. मग विद्युत अपघटन. भार्गवीने मान हलवली.

वरद हसला नव्हता. त्याने व्हिडिओ बंद केला. “हे मशीन लिहितं, काकू. माणूस बसवून लिहून घ्यावं म्हणून मी बोललो वर. पण एका पोरीसाठी...” त्याने वाक्य तोडलं. “अजून कुणाचीच अशी तक्रार आली न्हाई.”

“कशी येईल? तुमच्या साइटवर तक्रारीला नुसता फोन नंबर हाय. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं फोन कसा करावा?”

वरद खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, “असं करा, तुम्ही लिहून पाठवा. मी खाली बसवून देतो. कुणाला इचारत न्हाई.”

“मला ते शब्द लिहिता येत न्हाईत,” उज्वला म्हणाली. “ऐकते आन् तोंडानं काढते, तेवढंच.”

परतीच्या गाडीत, अहमदपूर सोडल्यावर, भार्गवीने विचारलं, “तो काय म्हणाला शेवटी?”

“बघतो म्हणला.”

वरदने खरंच पाहिलं असावं, कारण आठवड्याभरात त्याचा फोन आला. वरचे लोक पुढच्या वर्षी विचार करू म्हणत होते. सीईटी तर तोंडावर आली होती.

आता रोज दुपारी व्हिडिओ लागला की उज्वलाला सरांच्या मागे धावावं लागे. ते एक वाक्य बोलत, ती आधीचं सांगत असे. सांगता सांगता पुढचं निसटे. घसा बसला, तेव्हा ती आवाजाशिवाय नुसते ओठ हलवू लागली. रात्रीच्या भाकरी थापताना तिच्या तोंडात सरांचे शब्द येत, अर्थ नसलेले. एकदा तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला आणि मग भार्गवीने पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. भार्गवीने पाहिलं होतं.

सिद्धराम म्हणाले, “होत नसंल तर राहू दे.” त्यावर ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. राहू दिलं तर मग काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी सर समतोलाबद्दल काहीतरी शिकवत होते. उज्वलाचं एक वाक्य सुटलं. ते धरायला गेली तर पुढची दोन सुटली. तिचे ओठ मात्र सवयीने हलत राहिले, आणि ठरवलेलं नसताना त्यांच्यावर दुसरंच आलं.

“मला न्हाई होत आता. मी काय बोलून राहिले, माझं मलाच कळत न्हाई. कुठंतरी निघून जावं वाटतंय.”

भार्गवीने मान हलवली.

उज्वला थांबली. सर बोलतच होते. तिने बसलेल्या आवाजात विचारलं, “आत्ता काय म्हणले मी?”

भार्गवी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला होत नाही. निघून जावं वाटतंय.”

“मग मान कामून हलवलीस?”

“कळलं म्हणून.”

“आन् सरांचं? ते कळतं का न्हाई?”

भार्गवीने पेनाला टोपण लावलं. “नाही. एखादा शब्द कळतो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली. उज्वलाला त्या सगळ्या दुपारी आठवल्या, खिडकीपाशी बसून घालवलेल्या. रागवावं की काय करावं, तिला ठरवता येईना.

“सांगायचं होतंस की. मी इथं जीव काढून राहिले.”

“सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस.” भार्गवीने खाली पाहिलं. “मला सगळे कामापुरतंच बोलतात. जेव. चल. झोप. बाबा पण. आधी तू पण.”

उज्वलाने तिची वही ओढून पाहिली. पानभर सुटे सुटे शब्द होते.

“पुस्तकातून करते मी, सकाळी,” भार्गवी म्हणाली. “होईल तेवढं होईल.”

“आन् न्हाई झालं तर?”

“माहीत नाही.” तिचा सपाट आवाज थोडा हलला. ती घाबरलेली होती, हे उज्वलाला पहिल्यांदाच दिसलं.

व्हिडिओ थांबवता येत नव्हता. उज्वलाने लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला. मग पडद्यावर उरली एक पांढऱ्या शर्टाची पाठ, वर-खाली होणारा हात आणि फळा. बराच वेळ तेवढंच दिसत राहिलं. तिच्या लेकीला एवढे महिने एवढंच दिसत होतं.

भार्गवीने हात पुढे करून लॅपटॉप जरासा बाजूला सरकवला.

“बोल ना,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“तुझं काहीतरी.”

उज्वलाने खुर्ची पुढे ओढली. उजेड तोंडावर येतो का ते पाहिलं. तिने ओठ उघडले, पण तिला एकदम काही सुचेना. भार्गवी वाट बघत बसली होती, तिला घाई नव्हती.