काळी माती आणि चार कोपरे

मी एक जुनी धुमस आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून सांगते. लांब लाकडी दांडा आणि त्याच्या टोकाला लोखंडाचं जड वजन, एवढंच माझं रूप. घराच्या जोत्यात टाकलेला भराव ठोकून घट्ट करायचा, हे माझं काम. नाजूकपणा माझ्या वाट्याला आला नाही आणि मला त्याची हौसही नाही.

वणीच्या एका लोहाराने कोळशाच्या ट्रकच्या मोडक्या अॅक्सलपासून मला घडवलं. मुकुटबनजवळच्या तांड्यातल्या किसनसिंग मिस्त्रींनी मला बाभळीचा दांडा बसवला आणि आम्ही वीस वर्षं जोडीनं राबलो. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर ठेवलं की फरशी उचलते, भिंती तडकतात, दारं अडकतात. म्हणून किसनसिंग आधी ती माती काढायला लावत. मग मुरमाचे पातळ थर टाकायचे, पाणी मारायचं आणि माझ्याकडून ठोकून घ्यायचं. थर पक्का बसला की मी वर उसळायची, आणि ते म्हणायचे, "आता टाका काँक्रीट." तेव्हा माझा तोरा विचारू नका.

पुढे ठोकायचं मशीन भाड्यानं मिळू लागलं आणि मी शेळ्यांच्या गोठ्यामागे जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात किसनसिंगांच्या मुलीचं, बबिताचं घर बांधायला निघालं. ती अंगणवाडीत शिकवते. तिने यवतमाळहून इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्यांनी खड्डा खणून पाहिला आणि कागदावर लिहून दिलं: पाच फूट काळी माती काढा, मुरूम भरून ठोका, वर सळ्यांची जाळी घालून काँक्रीट करा. त्याप्रमाणे खोदाई झाली. काँक्रीटचा दिवसही ठरला.

आणि एका सकाळी किसनसिंग स्वतःच्या वावरातली काळी माती चार ट्रॉल्या भरून घेऊन आले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांच्या पायातून जी माती काढली, तीच लेकीच्या जोत्यात भरू लागले. मशीन अजून यायचं होतं, म्हणून मला हुडकून आणलं. पहिल्याच घावाला मी आत रुतले. मला बोलता येत नाही याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं. वर काँक्रीट पडलं की खालची चूक काढायची म्हणजे घरच फोडायचं.

तेवढ्यात बबिता आली.

"बा, दुसऱ्यायच्या घरी तुमी पहिले काळी माती बाहीर काढाले लावता. मंग माह्याच घरी काहून भरून राह्यले?"

"हे कोनाची बी माती नोहे, बाई. आपल्या वावरातली हाय. गळ्याएवढी पऱ्हाटी येते हिच्यात, कापसानं भरून."

तिची आई सुखीबाई मागेच उभी होती. "पऱ्हाटी वर येते तशी मंग फरशीबी वर येईन," ती म्हणाली.

किसनसिंग जोत्याच्या कडेला बसले. मूठभर काळी माती हातात घेतली.

"लेकीले चांगली वस्तू द्याव म्हटलं," ते म्हणाले. "माह्यापाशी याच्याहून चांगलं काईच नाई."

बबिताचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. तिने मला उचललं आणि वडिलांच्या हातात दिलं. "माती वावरात नेऊ, बा. पन मशीन कोपऱ्यात जात नाई, अन् घर तं कोपऱ्यातूनच खचते. माहे चारी कोपरे तुमीच ठोका."

माती परत गेली, मुरूम आला. मधला भाग मशीनने केला. कोपऱ्यांत मात्र किसनसिंगांनी कुणाला हात लावू दिला नाही. तळहातांना फोड आले तरी थरामागून थर ते ठोकत राहिले. शेवटच्या थरावर मी अशी उसळले, की त्यांनी हसून बबिताकडे पाहिलं.

मित्रांनो, घराचा रंग पाहायला पुष्कळ लोक येतात. तुम्ही घर बांधाल तेव्हा काँक्रीट पडण्याआधी एकदा वाकून खालची माती बघा. आणि आपलं माणूस मायेपोटी चुकत असेल, तर त्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसू नका. त्याला थांबवा, आणि त्याच्या हाताला दुसरं काम द्या.