सातव्या गटातला मणी

मित्रांनो, वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला लटकणारी मणिमाळ तुम्ही पाहिली असेल. दहा लाल मणी, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे एकूण शंभर. तशीच मी एक आहे, आता बरीच जुनी. माझे लाल मणी विटून गुलाबी झाले आहेत. माझा दोरा दोनदा बदलला आहे. आणि माझ्यातला एक मणी काळा आहे. तो कसा आला, तेवढेच मला सांगायचे आहे.

मी मूळची सोलापूरची. सात रस्ता चौकाच्या पलीकडे एका बोळात पत्र्याची शेड होती. तिथे शाळांसाठी गणिताच्या पेट्या भरल्या जात. सिद्धेश्वरी नावाची बाई आम्हा माळांना ओवत असे. तिचा हात इतका बसला होता की तिला मोजावे लागत नसे, दहा झाले की बोटे आपोआप थांबत. माझा सातवा गट ओवत असताना शेजारणीने तिला विचारले, "चहा घेतीस का ग?"

"अर्धा घेते की," सिद्धेश्वरी म्हणाली, आणि तिने पुढच्या गटाचा पांढरा मणी उचलला.

सातव्या गटात नऊच मणी पडले. मला ते त्याच क्षणी कळले, पण मण्यांना तोंड नसते.

पेटीत बसून मी सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत आले. दोन खोल्यांची शाळा, भोवती डाळिंबाच्या बागा. मुख्याध्यापक हिंदुराव गुरुजी मायाळू होते, पण वस्तूंच्या बाबतीत फार जपणारे. 'तुटली, हरवली तर जबाबदारी कुणाची?' असे म्हणून त्यांनी पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. दोन वर्षे मी अंधारात मुलांचे पाढे ऐकत होते.

मग जिल्ह्याने एक मोहीम हाती घेतली. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला धडा वाचता आला पाहिजे आणि शंभरपर्यंतची संख्या नुसती पाठ नव्हे, समजली पाहिजे. शिक्षकांची प्रशिक्षणे झाली. दर महिन्याला चाचणी ठरली, आणि फेब्रुवारीत जिल्ह्याचे साहेब येऊन प्रत्येक मुलाला तपासणार होते. त्याच सुमारास नातेपुत्याच्या पूनम मॅडम आमच्या शाळेत आल्या. त्या बी.एस्सी. झालेल्या होत्या आणि कमी बोलत.

"गुरुजी, माळ काढू का?" त्यांनी विचारले.

"काढा. पण जपून. नवीन आहे."

"दोन वर्षं झाली की तिला."

"म्हणून तर म्हणतो. दोन वर्षांत ओरखडा नाही."

मित्रांनो, त्यानंतर मला खरे दिवस आले. मुलांच्या घामट बोटांतून मी फिरू लागले. मॅडम माझ्यावर कपड्यांचा चिमटा लावत आणि विचारत, "इथपर्यंत किती?" मुले रंगांचे गट मोजत. आठ गट आणि वर चार मणी, म्हणजे चौऱ्याऐंशी. एकच मुलगी रंगाकडे पाहत नसे. तिचे नाव संस्कृती. ती एकेक मणी बोटाने सरकवत जाई.

"चार इसा आन तीन," ती म्हणाली.

वर्ग हसला. "इसा म्हणं! ही काय मेंढरं हायत व्हय?" मागून कोणीतरी म्हणाले.

चाचणीच्या कागदावर तिच्या नावापुढे फुल्या वाढत गेल्या. ती सगळ्यात खालच्या स्तरावर एकटीच उरली. जानेवारीच्या शेवटी गुरुजी मॅडमना हळूच म्हणाले, "साहेब यायच्या दिवशी तिला घरी राहू दे. बाकी सगळी पोरं पुढं गेलीत. एका पोरीपायी शाळा मागं नको. आणि तिलाही चारचौघांत कशाला ओशाळं करायचं?"

संस्कृती दाराशी चपला घालत होती. तिने ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून ती मला हात लावीना. मॅडमनी माळ पुढे केली, तर म्हणाली, "मला न्हाय येत मोजाय." मला फार वाईट वाटले. माझ्यामुळे तिला खोटे ठरवले जात होते.

त्या संध्याकाळी मॅडम तिच्या घरी गेल्या. जाताना मला पिशवीत घेतले. संस्कृतीचे वडील बिरुदेव वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरे घेत होते. एकेक मेंढरू आत शिरे, तसे ते मोजत. वीस झाली की एक खडा डाव्या मुठीत जाई.

"आमी इसानंच मोजताव, मॅडम," ते म्हणाले. "चार इसा म्हंजी तुमचं ऐंशी. पोरगी बी तसंच शिकली. लई चुकती का?"

"बघते," मॅडम म्हणाल्या.

खोलीवर परतल्यावर त्यांनी संस्कृतीची सगळी उत्तरे वहीत मांडली. तिचे इसा दशकांत बदलून घेतले. सत्तेचाळीसला सत्तेचाळीस, अठ्ठावन्नला अठ्ठावन्न. मग बहात्तरला एकाहत्तर, चौऱ्याऐंशीला त्र्याऐंशी, शहाण्णवला पंचाण्णव. साठपर्यंत सगळे बरोबर. सत्तरच्या पुढे प्रत्येक वेळी एकच कमी. दोन कधीच नाही, आणि जास्त तर कधीच नाही. मॅडमनी पेन खाली ठेवले. मुलाची चूक अशी शिस्तीत होत नाही. अशी चूक मापाची असते.

त्यांनी मला जवळ ओढले आणि रंग न बघता, संस्कृतीसारखे, बोटाने मोजले. सातव्या गटाशी त्यांचे बोट थांबले.

सकाळी त्यांनी गुरुजींना मोजायला लावले. गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा मोजले. मग ते सगळ्या वर्गासमोर संस्कृतीला म्हणाले, "वर्षभर आम्ही नव्व्याण्णवला शंभर म्हणत होतो. तू एकटी खरं सांगत होतीस. आमचं चुकलं ग बाळ."

संस्कृतीने मान खाली घातली, पण माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिले.

पेटीत जादा मणी नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने मुठीतून एक काळा मणी आणला. तिच्या लाडक्या कोकराच्या गळ्यातला. मॅडमनी माझा दोरा सोडला आणि तो सातव्या गटात ओवला. त्या दिवशी सगळ्या वर्गाने वीस-वीसने मोजून पाहिले. "पाच इसा!" मुले ओरडली.

फेब्रुवारीत साहेब आले. संस्कृती हजर होती. साहेबांनी पिशवीतून स्वतःची माळ काढली, निळी-पांढरी, कोरी. चिमटा लावून त्यांनी विचारले, "इथपर्यंत किती?"

संस्कृतीने चिमटा काढून त्यांच्या हातात दिला आणि पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.

"अगं, सगळी नको मोजू. विचारलं तेवढंच सांग."

"आदी बगते, पुरे हायत का."

गुरुजी खोकले. साहेबांनी चिमटा हातातच धरून ठेवला. शेवटचा मणी सरकवून संस्कृती म्हणाली, "पाच इसा. शंभर भरले. आता लावा चिमटा."

साहेबांनी लावला. "तीन इसा आन सात," ती म्हणाली, आणि लगेच, "सदुसष्ट."

कागदावर तिच्या नावापुढे बरोबरची खूण झाली.

आता संस्कृती सांगोल्याच्या हायस्कुलात जाते. मॅडम इथेच आहेत, आणि मी खिळ्यालाच असते. नवी मुले विचारतात, "ह्यो एकच मणी काळा का?" मग कोणीतरी सांगते, "त्यो संस्कृतीताईचा हाय."

मित्रांनो, मला कपाटात कोरी ठेवू नका. झिजू द्या, विटू द्या, तुटले तर पुन्हा ओवा. आणि एखाद्याचे उत्तर पुन्हापुन्हा तेवढ्याच फरकाने चुकत असेल, तर फुली मारण्याआधी मला हातात घ्या. रंग पाहू नका. पहिल्या मण्यापासून मोजा.