दाराची पट्टी

“घरच्यासाठी घेताय की धंद्यासाठी?” हत्यारांच्या दुकानदाराने कापायचं यंत्र पंपवाल्यांच्या हातात देत विचारलं.

सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना पंपवालेच म्हणत. त्यांनी बटण दाबलं. पातं गरगर फिरत नव्हतं, जागच्या जागी थरथरत होतं. दुकानदार सरळ माणूस होता. लाकूड, खिळा, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट, सगळं कापतं पण सावकाश, असं त्याने सांगितलं. जिथे करवत शिरत नाही तिथे याला तोड नाही, पण खाली घासणाऱ्या एका दारासाठी हे घेणं म्हणजे चैनच. त्यापेक्षा दार काढून सुताराकडून रंधा मारून घ्यावा.

“दार काढून चालणार नाही,” पंपवाले म्हणाले. “आमची ही निघून जाईल.”

बायकोला विसरण्याचा आजार होता. कडी घातली की ती घाबरून दार बडवायची, म्हणून दार नुसतं लोटलेलं असे. ते फरशीला घासून असं खरखरायचं की तिचे कान किटले होते. धडधाकट होती तेव्हापासून तिची तक्रार एकच, अख्ख्या गावाचे पंप दुरुस्त करता, घरचं दार तेवढं दिसत नाही. आणि त्याच खरखरीवर ती स्वयंपाकघरातून विचारायचीही, “आलात का?” आता ती नवऱ्याचं नावही विसरली होती, तरी दार वाजलं की प्रश्न ठरलेला.

पंपवाल्यांच्या लेखी आवाज म्हणजे दुखणं. बेअरिंग खरखरलं की पंप आजारी, गुमान चालला की ठणठणीत. त्यांनी यंत्र घेतलं. घरी येऊन फरशीवर पुठ्ठा अंथरला, त्यावर पातं आडवं टेकवलं आणि दार बिजागरीवर असतानाच खालून पेन्सिलीच्या जाडीची पट्टी कापून काढली. करवतीच्या बापाला हे जमलं नसतं. बायकोने दोनदा दार उघडून मिटून पाहिलं.

“झालं एकदाचं,” ती म्हणाली, अगदी पूर्वीसारखी. पंपवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी ते दूध घेऊन आत आले, तेव्हा मात्र ती दचकली. कोण हवंय, म्हणून विचारू लागली. त्यांनी ते आजाराच्या खात्यात टाकलं.

पुढे एका दुपारी ते आडवे झाले. पंपाच्या घरघरीत गाढ झोपायचं आणि आवाज जरा बदलला की ताडकन उठायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. त्या दुपारी कसलाच आवाज बदलला नाही. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं.

ती सापडली जुन्या पंपघराच्या फाटकापाशी, उन्हात कोसळलेली. नवऱ्याला जेवण पोचवायला निघाली होती. हातात डबा होता, झाकण घट्ट लावलेला, आत काही नव्हतं. दवाखान्यात तिने डोळे उघडलेच नाहीत.

लेक काही दिवस राहून आपल्या घरी परतली. जाताना म्हणाली, “बाबा, मनाला लावून घेऊ नका. आईनेच तर मागे लागून करून घेतलं.” हे त्यांनाही कळत होतं. कळून काडीचा उपयोग होत नव्हता. लेकीची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि ते एकटेच ओक्साबोक्शी रडले.

मग त्यांनी त्याच दुकानात जाऊन लाकडाचा गोंद मागितला.

“यंत्र कसं आहे, काका? घेतल्याचं सार्थक झालं ना?”

“काम चोख करतं,” ते म्हणाले. “अगदी चोख.”

कापलेली पट्टी त्यांनी टाकली नव्हती. काढलेला भाग जपून ठेवायचा, ही पंपघरातली शिस्त. पात्याने खाल्लेली जागा भरायला त्यांनी मध्ये पुठ्ठा घातला, गोंद लावला आणि खालून पाचरी ठोकून पट्टी वाळत ठेवली. सकाळी पाचरी काढल्या, चपला घालून बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि पुन्हा ढकललं. दार खरखरलं.

ते उंबरठ्यावर थांबले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“आलो गं,” ते म्हणाले, आणि वाकून चपला काढू लागले.