आंब्याखालचे तीन गण

माघातला सोमवार. ताडकळसच्या शिवेवर जंगमाच्या, म्हणजे लिंगायत गुरूच्या, समाधीपाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि समाधीवरचा मोहोरलेला आंबा गळत होता! बायाबापड्या तळहातावर इष्टलिंग धरून उभ्या. लिंगावर पडलेला थेंब लगेच जिभेवर जाई. थेंब चक्क गोड होता.

"गुरूचं करुणोदक हाय, किरपेचं पाणी!" समाधीच्या ओट्यावरून महारुद्र महाराज गरजत होते. "पानावर उड्या मारायलेत ते नंदी, भृंगी, वीरभद्र! फवारा माराल तर निर्वंश होईल! सुया टोचून घ्याल तर गण रुसतेत!"

त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती कीटकशास्त्र शिकत होती, आणि तिचे वडील सांबप्पा, जुने मधुमेही, महिन्यापासून इन्सुलिन सोडून हेच थेंब चाटत होते. त्यांच्या तळपायाची जखम काळी पडली होती.

"अप्पा, दवाखान्यात चला."

"महाराज म्हणले, आणखी दोन सोमवार."

मग ती ओट्यावर चढली. हातात काचेच्या दोन बरण्या होत्या.

"सकाळी तुमच्यासमोरच या बरण्यांत मोहोराच्या दोन डहाळ्या ठेवल्या. हिच्यावरचे किडे झटकले. बघा, कोरडी. हिच्यावरचे ठेवले, तर काच चिकट झाली. हे तुडतुडे हायत. प्रजातीचं नाव इडिओस्कोपस. डोक्यावरचे ठिपके बघून त्यातल्या तीन जाती मी वेगळ्या केल्या. महाराजाचे तीन गण हेच! मोहोराचा रस पितेत अन् उरलेला मागून सोडतेत. महिनाभर तुमी किड्याचं मूत पियालाय."

कुणी थुंकलं, कुणी पदराच्या टोकानं लिंग पुसू लागलं.

"महाराज, तुमी घ्या की एक थेंब."

"माझा उपास हाय!"

गर्दी खो खो हसली. कालपर्यंत हीच गर्दी त्या पायांवर लोळत होती. महाराजांनी मोटारसायकलला किक मारली आणि फाट्याकडे धूम ठोकली.

एकटे सांबप्पा हसले नाहीत. ते उठायला गेले, तर पाय टेकेना. परभणीच्या डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. "पंधरा दिवस आधी आणायचं होतं," ते म्हणाले. त्रिवेणीला ते वाक्य आजही जाळतं.

पुढच्या माघात आंबा मोहोरला, गळू लागला आणि काही तळहात पुन्हा पसरले. तेव्हा सांबप्पा कुबड्या टेकत आले. त्यांनी भर गर्दीत धोतर वर केलं आणि तो थोटा पाय सगळ्यांना दाखवला.

"किड्यानं न्हाई खाल्ला हा. पोरगी सांगत होती, मी ऐकलं न्हाई, कुणाला विचारलं न्हाई, म्हणून गेला. देव कुठं पळून जायलाय? आधी तपासा, मग जिभेवर ठेवा."