बैलाच्या पत्र्या

उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. ढोकीच्या साखर कारखान्याच्या गाडीतळावर माझे वडील, आबा, तीस वर्षं हेच करतात. त्यांनी काढून फेकलेल्या झिजलेल्या पत्र्या मी दोन हंगाम वेचल्या. वेल्डिंग करून त्यांचा पुऱ्या उंचीचा लोखंडी बैल उभा करायचा होता. कळंबच्या कॉलेजात तो मांडायचं ठरलं होतं. आधी प्रत्येक पत्रीचा फोटो घेतला, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख लिहून.

फोटो तारखेनं भिंतीवर लावले, तेव्हा दिसलं.

पत्रीची भोकं आबाच पाडतात. खिळा खुराच्या कडेलाच बसायला हवा. आत गेला तर मांसात शिरतो. गेल्या हंगामात भोकं कडेपासून पाच मिलिमीटरवर होती. यंदा दिवाळीनंतर सात. जानेवारीत नऊ, आणि गाडीवान बब्रुवानच्या बैलाच्या दोन पत्र्यांवर वाळलेला पू.

तो बैल जानेवारीत लंगडला, बसला, मेला. "खडीवरनं तूच हाकलास!" म्हणत बब्रुवाननं बायकोला, महादेवीला, सगळ्या तळासमोर मारलं होतं. आबा म्हणाले होते, "खडीनं व्हतं असं."

मी आबांना भिंतीपुढं नेलं.

"मला न्हाय दिसत एवढं बारीक," ते म्हणाले.

मी त्या दोनांतली एक पत्री हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली, मग भोक. पुन्हा कड.

"ही तुझ्या लोखंडी बैलात लावू नगंस."

"आबा, महादेवीकाकूंना सांगायला हवं."

"सांगून मेलेला उठतो व्हय? आन् मग मला कोण बैल दील?"

दुसऱ्या दिवशी महादेवी उरलेला बैल पत्र्या ठोकायला घेऊन आली. माणसांनी दोर टाकून त्याला पाडलं, पाय बांधले. आबांनी ओठांत धरलेला खिळा हातात घेतला. मी त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, बैल खडीनं नाही, आबांचा खिळा मांसात गेल्यानं मेला.



"आत्ता सांगतीस?" महादेवी म्हणाली. "बैल गेला, माझे दोन दात गेले."

"काल कळलं, काकू."

"तुला काल. ह्यांला?"

तिनं वाकून दोर सोडला, बैल उठवला. मागं थांबलेल्या चौघांनीही आपापले बैल वळवले. आबा तिथंच बसून राहिले, मांडीवर हातोडा घेऊन. "आबा, घरी चला," मी म्हणाले.

"तू जा," ते म्हणाले. "कुणी आलंच, तर हितं असाया पायजे."