सहावं प्रकरण कोणाजवळ हाय?

तिवस्याच्या वाचनालयात मी नऊ वर्षांपासून ग्रंथपाल आहे. या नऊ वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत आली. चौथी-पाचवीतली पोरं शाळा सुटली की धावत येतात आणि बालविभागाचं कपाट रिकामं करतात. सातवी संपली की तीच पोरं दिसेनाशी होतात. बाजारात गाठून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, लहान पोरायची वाचून झाली. मोठ्यायची बोर होतात." मधल्या वयासाठी माझ्याकडे जेमतेम दीड फळी पुस्तकं, त्यातली अर्धी चरित्रं.

म्हणून मागच्या नोव्हेंबरात अनुपचा फोन आला तेव्हा बोलता बोलता मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अनुप अमरावतीत छोटी प्रकाशन संस्था चालवतो.

"प्रियदर्शनीताई, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी आली आहे," तो म्हणाला. "बाईंचं पहिलंच लिखाण आहे. छापावी की नाही, माझं ठरत नाही. तुम्ही वाचून पानभर मत द्याल का?"

दोन दिवसांनी बाड आलं. एकशे चाळीस सुटी पानं, बारा प्रकरणं, नाव अजून ठेवलेलं नव्हतं. लेखिका संध्या काळमेघ, अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. गोष्ट रेवाची होती. तिचा मोठा भाऊ वसतिगृहातून निघून जातो आणि आठवीतली रेवा घरी न सांगता त्याला शोधायला निघते. दुपारी मी पहिलं पान घेतलं. वर्तमानपत्रं वाचणारे उठून गेले, शिपाई खिडक्या लावून गेला, आणि मी अजून रेवासोबत अकोला स्टेशनवरच होते.

घरी जाताना मनात आलं, पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना न विचारता मी बेचाळीस वर्षांची बाई मत कशाला देऊ? अनुपला विचारलं. तो हसला. "द्या मुलांना. पण कागदावर एकच प्रत आहे, सांभाळा."

दुसऱ्या दिवशी मी शिकवणी वर्गाच्या फाटकावर जाऊन उभी राहिले आणि वाचनालयात यायची थांबलेली पाच पोरं पकडली. त्यांत नववीतली प्रणाली होती, तोंडावर बोलणारी. दहावीतली माया होती, विचारल्याशिवाय न बोलणारी. नितेश होता, ज्यानं सहावीत असताना एका महिन्यात एकवीस पुस्तकं वाचली होती आणि नंतर एकही नाही. प्रत पाच जणांत एकच, म्हणून मी एकेक प्रकरण प्लास्टिकच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घातलं. नियम दोनच. वाचून झालं की पुढच्याला द्यायचं, आणि जे वाटेल ते समासात पेन्सिलीनं लिहायचं.

"चुकीचं वाटलं तं?" प्रणालीनं विचारलं.

"तेच आधी लिहायचं."

पहिले तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी सातला प्रणाली माझ्या दारात उभी. "ताई, चवथं प्रकरण दोघं मिळून वाचून राहिले. मले कवा भेटन?" संध्याकाळी नितेश आला, त्याच्यामागे त्याचे दोन मित्र, ज्यांना मी काहीच दिलं नव्हतं. त्यांनाही वाचायचं होतं. बसस्टँडवर, शिकवणीच्या बाकावर, पाणीपुरीच्या गाडीपाशी फोल्डर हातोहात फिरू लागले. मी रजिस्टरमध्ये कोणतं प्रकरण कोणाकडे ते लिहायचे आणि तासाभरात ते खोटं ठरायचं. इतक्या वर्षांत मला असा सुखाचा गोंधळ भेटला नव्हता.

पाचवं प्रकरण संपताना रेवा चुकीच्या गाडीत बसते आणि गाडी सुटते. नेमकं सहावं प्रकरण गायब झालं. नितेश म्हणाला, त्यानं ते वाचनालयात टेबलावर ठेवलं होतं. दोन दिवस आम्ही कपाटांच्या मागे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत शोधलं. प्रणालीनं अख्ख्या शिकवणी वर्गाची झडती घेतली. शेवटी शिपाई म्हणाला, "नत्थुजीनं काईतरी नेल्तं बा पिशवीत."

नत्थुजी म्हणजे निवृत्त पोस्टमन. रोज सकाळी येऊन तीन वर्तमानपत्रं वाचतात, कथा-कादंबरीला हात लावत नाहीत. मी आणि प्रणाली त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, फोल्डर मांडीवर.

"आजोबा, ते आमचं हाय," प्रणाली म्हणाली.

"थांब व, दोनच पानं रायले."

"दोन दिवसांत बारा पानं?"

"एकडाव वाचून झालं. आता दुसऱ्यांदा वाचून राहिलो." त्यांनी चष्मा वर केला. "मले वाटलं पेपरासोबतची पुरवणी हाय. मॅडम, त्या पोरीले तो टीसी काही करत तं नाई ना?"

"सातव्या प्रकरणात आहे," मी म्हटलं.

"मंग सातवं द्या. अन् पयले पाच बी द्या. माहं मधातूनच सुरू झालं."

प्रणाली ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. त्यांची दोन पानं झाल्यावरच फोल्डर घेऊन उठली, आणि घरी जाताना रस्त्यावर चालत वाचत गेली. मी तिच्या बाजूनं वाहनं बघत चालले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी पानं माझ्याकडे परत आली. समास पेन्सिलीनं काळे झाले होते. 'आमच्याकडे अय्या कोणी म्हणत नाई.' 'रेवानं सकाळपासून काही खाल्लं नाई, तिले भूक काहून लागत नाई?' 'हे पान भारी, तीनदा वाचलं.' आणि शेवटच्या पानावर खरी लढाई. रेवाला भाऊ सापडतो, पण तो घरी यायला नकार देतो आणि ती एकटीच परतते. प्रणालीनं तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हा शेवट चालणार नाही.' खाली चार जणांच्या सह्या. मायाची नव्हती.

बाड जसंच्या तसं अनुपकडे पाठवलं, पण मनात धाकधूक होती. पहिल्याच पुस्तकावर एवढी पेन्सिल पाहून कोणाचाही धीर खचेल. चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी संध्या काळमेघ बोलते. रविवारी तुमची मुलं भेटतील का? मी येते."

अकोल्याहून अमरावती आणि तिथून तिवसा, दोन बस बदलून त्या आल्या. सुती साडी, खांद्यावर पिशवी, पिशवीत ते बाड. वाचनालयात पाचाऐवजी एकोणीस पोरं होती आणि कोपऱ्यात नत्थुजी. बाईंनी चहाही घेतला नाही. पानं काढली आणि म्हणाल्या, "भुकेचं बरोबर आहे. मी विसरले. आता सांगा, रेवानं स्टेशनवर काय खावं?"

अर्धा तास त्यावरच वाद झाला. शेवटी कागदात बांधलेला आलूबोंडा ठरला, चटणीशिवाय, कारण घाईत चटणी राहून जाते. मग शेवटाची गोष्ट निघाली.

"तो घरी आला पायजे," प्रणाली म्हणाली. "एवढ्या दूर गेली रेवा. रिकाम्या हातानं काहून यावं तिनं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. बाई माझ्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात माया बोलली, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सगळे येत नाईत. माहा भाऊ सुरतले गेला, दोन वर्षं झाले. आई जाऊन आली, तरी नाई आला."

प्रणाली तिच्याकडे बघत राहिली. दोघी एकाच गल्लीत राहायच्या, पण भाऊ कामाला गेलाय एवढंच तिला माहीत होतं.

"पण तो फोन करते," माया म्हणाली. "तुमच्या गोष्टीतला भाऊ फोनबी करत नाई. तेवढं खोटं वाटलं मले."

"फोनवर काय बोलतो?" बाईंनी विचारलं.

"जेवली का विचारते. मंग काईच बोलत नाई. पण ठेवतबी नाई. मी इकडचं सांगत रायतो, अन् तो आयकत रायते."

बाईंनी पेन हातात घेतलं, मग खाली ठेवलं. "माया, हे मी गोष्टीत लिहिलं तर चालेल तुला?"

मायानं थोडा विचार केला. "नाव बदलवा. सुरतचंबी."

मे महिन्यात पुस्तक छापून आलं. अनुपनं दहा प्रती आणल्या आणि पहिल्या दुपारी त्यातली एकही फळीवर राहिली नाही. बारावं प्रकरण नव्यानं लिहिलेलं होतं. भाऊ तरीही परत येत नाही, मात्र एका संध्याकाळी रेवाच्या घरी फोन वाजतो. मायानं ते पान टेबलाशी उभं राहून वाचलं, पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाली, "ताई, हे माह्या नावावर लिहा. पंधरा दिवस नाई, मयनाभर पायजे." नियमात बसत नव्हतं. मी लिहिलं.

प्रणालीचं समाधान मात्र झालं नाही. "चांगलं केलं बाईनं," ती म्हणाली, "पण तो यायले पायजे होता." जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तिनं माझ्या टेबलावर एक वही ठेवली. तेरावं प्रकरण, चौदा पानं, निळ्या शाईत. नितेश आणि त्याचे मित्र तिच्या मागेच उभे होते, आधी कोणाला मिळणार यावर त्यांचं आत्ताच भांडण सुरू झालं होतं. मी सगळ्यांना बसायला सांगितलं, दार उघडंच ठेवलं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.