दोघींची मिळून एक हजेरी

धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात कांताबाई आया होती, तिथे बदलीची एक रीत होती. एखादीचं लेकरू तापलं, एखादीच्या घरी पाहुणे आले, तर दुसरी तिच्या जागी उभी राहायची आणि हजेरीबुकात खूण मात्र पहिलीच्याच नावापुढे पडायची. शिस्टरला सगळं माहीत असायचं. वॉर्डात बाई उभी आहे ना, बेडपॅन उचलला जातो ना, मग ती कांता काय अन् मीराबाई काय.

नवरा पडला तेव्हा कांताबाईनं हीच रीत घरी आणली.

गणपतराव गिरणीत सूतखात्यात होते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर निघता निघता त्यांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. तेव्हापासून इंदोऱ्यातल्या त्या एका खोलीत त्यांची बाज आणि बाजेभोवती बाकीचं घर. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. नाही बदलली तर पाठीला काय होतं ते कांताबाईनं दवाखान्यात इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. शेजारीण एखादी दुपार पाहील, रोज कोण पाहणार? रात्रपाळी मागून पाहिली, ती आधीच मीराबाईला दिलेली.

राहिल्या पोरी. सिंधू चौदाची, कौसल्या बारा पुरी व्हायची. दोघी एकाच वर्गात, कारण धाकटीनं एकटीनं जाऊ नये म्हणून थोरलीला दोन वर्षं घरी थांबवून दोघींची नावं एकाच दिवशी घातली होती. घालायला गणपतराव स्वतः गेले होते, इस्त्रीचा सदरा घालून. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी मैदानात कौसल्या त्यांच्या खांद्यावर होती आणि पोरी शिकवायच्या हे त्यांनी तिथेच ठरवलं होतं.

तर आता एक दिवस सिंधू शाळेत, एक दिवस कौसल्या. जी जाऊन येई ती संध्याकाळी दुसरीला सगळं सांगे, अगदी कोणत्या बाईंनी कुणाचा कान पिळला तेही. वही एकच, अक्षरं दोन. पाचवी-सहावीत कुणी हरकत घेतली नाही.

सातवीत जानेवारी लागला आणि गोपाळराव गुरुजींनी बोलावणं धाडलं. ड्यूटी तीनला सुटली तशी कांताबाई परस्पर शाळेत गेली. पाय दुखत होते, पण गुरुजींसमोर बाकावर बसणं तिला बरं वाटेना, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाई, परीक्षेचे फॉर्म शनिवारी जातात," गुरुजी म्हणाले. "हजेरी शंभरात पंच्याहत्तर लागते. सिंधूची भरते एक्कावन्न. कौसल्याची सत्तेचाळीस."

"मंग झाले ना गुरुजी अठ्ठ्याण्णव."

गुरुजींनी चष्मा काढला. तीस वर्षं ते मास्तरकी करत होते आणि ही बेरीज त्यांना अजून कुणी करून दाखवली नव्हती.

"अशी मिळवणी होत नसते, बाई."

"काहून नाई होत? माह्या घरचं मानूस आलं नाई असे दोनच दिवस काढून दाखवसान तुमी. त्या दोन दिवशी पोट्ट्याईच्या बापाले ताप होता, दोघी घरीच होत्या."

"तसं नाही. हजेरी ज्याची त्याची असते. सिंधू आली तर सिंधू आली. कौसल्या नाही आली ती नाहीच आली."

दवाखान्यात कामाची हजेरी असते आणि शाळेत माणसाची, हे कांताबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं ती निर्धास्त होती. सातवी पास पोरगी असली तर मिडवाइफच्या ट्रेनिंगला घेतात, असं शिस्टर म्हणाली होती, आणि तेवढ्या बोलण्यावर कांताबाईनं मनातल्या मनात दोन्ही पोरींना पांढऱ्या साड्या नेसवून ठेवल्या होत्या.

"म्हंजे दोघीबी नाई बसनार?"

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "एक करता येईल. करू नये, पण करीन. एकीचे दिवस दुसरीच्या नावावर चढवतो. एक तरी बसेल. दुसरीचं नाव जूनपासून कमी दाखवावं लागेल."

"मंग थे पुढच्या साली बसन."

"बसेल की," गुरुजी म्हणाले. पण हे 'बसेल की' त्यांनी आजवर किती आईबापांना सांगितलं असेल, ते त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. "माझं ऐकाल तर सिंधूचं नाव द्या. तिचं डोकं चालतं. एक दिवसाआड येऊन गणितात पहिली आहे पोरगी. उद्या या, नाव सांगा."

घरी येऊन कांताबाईनं चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करूनच सगळं सांगून टाकलं. पोरींची तोंडं पाहत सांगणं तिला जमलं नसतं. बाजेवरून गणपतराव ऐकत होते. त्यांना कळत सगळं होतं, फक्त बोलायला गेलं की अर्धे शब्द तोंडातच राहायचे.

"मंग सिंधूचंच सांग," कौसल्या म्हणाली. "मले नाई तरी गनित नाई येत."

"अन् यायले कोन पाह्यन?"

"मी. रोज मीच राह्यतो घरी. काय होते त्याले?"

"तू पलटवतं यायले? तुह्या दिवशी शेजारचा गोविंदा येते, मले मालूम नाई काय वं? थो तं सोमवारपासून कामाले लागते."

कौसल्या लाल झाली. "मी पलटवतो. आता पलटवून दाखवतो. सिंधू, तू हात नको लावू."

"नाई लावत," सिंधू म्हणाली आणि हात मागे घेऊन भिंतीशी उभी राहिली.

कौसल्यानं परकर खोचला. एक हात बापाच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, जसं मायनं शिकवलं होतं तसं. गणपतरावांनी डाव्या हातानं बाजेची कड धरली. त्यांना ही पोरगी जिंकायला हवी होती. किंवा हिनं हरून शाळेत जायला हवं होतं. जोर मात्र त्यांनी लावला, मानेच्या शिरा फुगेपर्यंत.

खांदा वळला. कंबर जागची हलली नाही.

"पुन्ना," कौसल्या म्हणाली.

दुसऱ्यांदा कंबर थोडी उचलली गेली आणि पुन्हा बसली. कांताबाईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. शिकवणारीला बघूनच कळतं, पोरगी चुकत नव्हती. हात बरोबर होते, पाय बरोबर रोवले होते. वजनच नव्हतं अंगात.

तिसऱ्यांदा गणपतराव अर्धे वळले आणि मध्येच अडकले. वरचं धड एकीकडे, खालचं दुसरीकडे. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. कौसल्या तरीही सोडत नव्हती.

सिंधू भिंतीपासून निघाली. कुणी तिला हाक मारली नव्हती. धाकटीला तिनं खांद्यानं थोडं बाजूला सारलं, बापाच्या कमरेखाली हात घातला आणि एका दमात त्यांना कुशीवर केलं. पाठीमागे गोधडीची वळकटी लावली. वाकडी झालेली मान सरळ केली.

"म्या म्हनलं होतं ना हात नको लावू," कौसल्या रडायला लागली.

"त्याले लागून राह्यलं होतं वं," सिंधू म्हणाली. मग मायकडे न बघताच, "झालं. कौशीचं नाव सांगून दे उद्या."

गणपतराव आता भिंतीकडे तोंड करून होते. त्यांची पाठ हलत होती. कुणी पुढे जाऊन पाहिलं नाही. चहा गार झाला, तो कांताबाईनं पुन्हा उकळला, आणि कडू झालेला चौघांनी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना नाव सांगितलं. गुरुजींनी मान वर केली.

"कौसल्या? मी काय म्हटलं होतं, बाई?"

"हाव. डोकं सिंधूचंच चांगलं हाय."

"मग?"

"ताकदबी तिचीच चांगली हाय."

गुरुजींनी कपाटातून हजेरीपट काढला आणि जूनपासून सुरुवात केली. सिंधूच्या ओळीतली खूण पाहायची आणि कौसल्याच्या ओळीत करायची. जून, जुलै, ऑगस्ट. कांताबाई आज बाकावर बसली होती. वाचता तिला बेताचंच येई, पण टाक इकडून तिकडे जाताना तिला दिसत होता. मुसळधार पावसात सिंधू वही पोलक्यात खुपसून गेली होती ते दिवस असतील त्यात, ताप अंगावर काढून गेली होती तेही.

मग गुरुजींनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील कागद पुढे ओढला. सिंधूचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं.

"सोडण्याचं कारण काय लिहू?"

"काय लिवतात?"

"घरगुती अडचण लिहितात."

"मंग थेच लिवा."

त्यांनी लिहिलं. वर्तणूक चांगली, असं लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी ते जरा थांबले, टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि एक शब्द इतरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात काढला.

"हे काय लिवलं, गुरुजी?"

"प्रगती. 'उत्तम' लिहिलंय."

कांताबाईनं वाकून तो शब्द पाहिला.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "पन गुरुजी, हा कागद घरी नका देऊ. तुमच्यापाशीच राहू द्या."

"अहो, तिचा आहे तो. लागेल तिला कधी."

"लागन तवा मी येतो घ्याले. आता घरी नेला तं थे वाचन. अन् तिले वाचता येते ना, बाप्पा."

गुरुजींनी कागदावरची शाई टिपली आणि तो कपाटात, खालच्या खणात ठेवला. कांताबाई उठली. चार वाजत आले होते. सिंधू अजून वर्गात होती; घरी गणपतरावांजवळ सकाळपासून कौसल्याच होती, दोनला गोविंदा येऊन गेला असेल, आणि कूस बदलायची वेळ पुन्हा होत आली होती.